किल्ल्याच्या भिंतीसाठी आजच्या कलावंताची टॅपेस्ट्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः दोन गटांकडून येतात: कोपनहेगन किंवा स्कॉटलंडच्या सहलीची आखणी करणारे, आणि कापडाच्या डिझाइनचं शिक्षण घेणारे. अलीकडे जुन्या वाड्यांचे मालकही विचारू लागले आहेत. त्यांनी प्रश्न १४ आणि १५ आधी वाचले तरी चालेल.

१. टॅपेस्ट्री म्हणजे भरतकाम का? सुईने करतात का?

नाही. भरतकामात कापड आधीच तयार असतं आणि त्यावर सुईने चित्र काढतात. टॅपेस्ट्रीत चित्र आणि कापड एकाच वेळी तयार होतं. मागावर ताणा (उभे धागे) ताणून बसवतात, आणि प्रत्येक रंगाचा बाणा (आडवा धागा) त्या रंगाच्या जागेपुरताच पुढेमागे फिरवून परत आणतात. या काठापासून त्या काठापर्यंत सलग जाणारा धागा जवळपास नसतोच. बाणा फणीने इतका दाबून बसवतात की ताणा पूर्ण झाकला जातो.

गोंधळाचं मूळ फ्रान्समधल्या बायूच्या प्रसिद्ध पटात आहे. सुमारे ७० मीटर लांबीचा तो अकराव्या शतकातला पट टॅपेस्ट्री म्हणून ओळखला जातो, पण आहे लिननच्या कापडावरचं भरतकाम. ‘ग्रेट टॅपेस्ट्री ऑफ स्कॉटलंड’सुद्धा भरतकामच.

२. मग पैठणीसारखंच झालं की हे!

बरंचसं. पैठणीच्या पदरातला मोर विणताना रंगारंगांच्या वेगवेगळ्या कांड्या (धागा गुंडाळलेल्या नळ्या) फिरतात आणि शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवून पुढे जातात. तत्त्व तेच आहे. फरक घट्टपणात आणि धाग्यात आहे. पैठणी नेसता यायला हवी, म्हणून रेशमी ताणा आणि बारीक वीण. टॅपेस्ट्रीला सहसा जाड सुती किंवा लोकरी ताणा आणि लोकरीचा बाणा असतो, आणि पट गालिच्याच्या जवळ जातो. येवल्याच्या विणकराला यातली रंगबदलाची युक्ती शिकवावी लागणार नाही. मात्र साडीचा माग अरुंद पडेल आणि लोकर दाबून बसवायला तो फार हलका आहे.

३. आजच्या काळात किल्ल्यासाठी टॅपेस्ट्री कोण विणून घेतं? उदाहरण द्याल का?

सगळ्यात ठळक उदाहरण कोपनहेगनच्या क्रिस्टियान्सबोर्ग राजवाड्याचं. डेन्मार्कच्या तेव्हाच्या राणी मार्ग्रेथे दुसऱ्या यांच्या ५०व्या वाढदिवसाला, १९९० मध्ये, तिथल्या उद्योगजगताने त्यांना टॅपेस्ट्रींचा संच भेट द्यायचं ठरवलं. चित्रं ब्यॉर्न नॉरगार्ड (जन्म १९४७) या डॅनिश कलावंताची, विणकाम फ्रान्समधल्या गोबेलँ आणि बोव्हे या सरकारी विणशाळांचं. एकूण १७ पट, आणि ते २००० साली, राणींच्या साठीच्या वेळी लागले. म्हणजे पन्नाशीची भेट साठीला पोचली, आणि या कामात याला उशीर म्हणत नाहीत.

त्या देशात ही परंपरा जुनी आहे. सोळाव्या शतकात फ्रेडरिक दुसरा या राजाने क्रोनबोर्ग किल्ल्यातल्या नाचाच्या दिवाणखान्यासाठी डॅनिश राजांच्या चित्रांचे ४० पट हान्स क्नीपर या फ्लेमिश कलावंताकडून करवून घेतले होते. त्यातले थोडेच उरले आहेत.

दुसरं उदाहरण स्कॉटलंडच्या स्टर्लिंग किल्ल्याचं. तिथे मात्र हेतू वेगळा होता. तो प्रश्न १६ मध्ये.

४. क्रिस्टियान्सबोर्गच्या पटांवर काय आहे? पाहताना काय शोधायचं?

मोठ्या अकरा पटांवर डेन्मार्कचा हजारएक वर्षांचा इतिहास आहे: व्हायकिंगांपासून मध्ययुग, धर्मसुधारणा, राजेशाही, महायुद्धातला जर्मन ताबा, अगदी आजपर्यंत आणि पुढे भविष्यापर्यंत. दिवाणखाना ४० मीटर लांब आणि छत १० मीटर उंच. रंग भडक, गर्दी भरपूर. पहिल्या नजरेला सगळं अंगावर येतं आणि काही पाहुणे नाक मुरडतात. आमच्या मते भडकपणा बरोबर आहे. इतक्या उंच दालनात सौम्य रंगांचे पट भिंतीवरचे डाग वाटले असते.

आधी समोरच्या भिंतीला पाठ टेकून पाहा, मग जवळ जा. राणी आणि त्यांचे पती हेन्रिक डॅनिश नंदनवनातल्या आदम-ईव्हच्या रूपात आहेत (अंगावर कपडे आहेत). ते शोधण्यात मुलांचा वेळ मजेत जातो. जवळ गेल्यावर चेहरा विसरा आणि गालाची कड पाहा. गुलाबी आणि करड्या रंगाचे दाते कंगव्यासारखे एकमेकांत घुसलेले दिसतील. लांबून जी सावली वाटते ती हीच.

विणण्याआधीची रेखाटनं पाहायची असतील तर कोपनहेगनच्या दक्षिणेला कोये गावात सार्वजनिक जागांतल्या कलेचं संग्रहालय आहे, तिथे जा. आधी रेखाटनं, मग पट, असा क्रम ठेवला तर विणकरांनी काय बदललं ते डोळ्यांना कळतं.

५. कलावंत स्वतः मागावर बसतो का?

मोठ्या कामात सहसा नाही. कलावंत आधी लहान चित्र करतो. त्यावरून पूर्ण आकाराचं ‘कार्टून’ तयार होतं, म्हणजे विणकरासमोर ठेवायचा आराखडा. त्याचा आणि हास्यचित्राचा संबंध नाही. मग विणकर नमुन्याचे तुकडे विणतात, साधारण ३० सेंटिमीटर चौरसाचे, आणि खरा संवाद तिथे होतो. कोणत्या छटेला किती धागे मिसळायचे, कुठे कड तीव्र आणि कुठे विरघळलेली, हे नमुन्यावर ठरतं. नमुने न विणता थेट मागावर जाणारी कामं बहुधा फसतात.

विणकराला नुसता कारागीर समजू नये. ब्रशच्या एका फटकाऱ्याचं लोकरीत काय करायचं हा निर्णय त्याचा असतो, आणि एका पटात असे हजारो निर्णय असतात.

६. उभा माग आणि आडवा माग यात फरक काय?

उभ्या मागावर ताणा भिंतीसारखा उभा असतो. गोबेलँमध्ये विणकर त्याच्या मागे बसतो, कार्टून त्याच्या पाठीशी टांगलेलं असतं, बाह्यरेषा शाईने ताण्यावर उतरवलेल्या असतात, आणि दर्शनी बाजू तो समोरच्या आरशात पाहतो. ब्रिटनमधल्या विणशाळांत पुढच्या बाजूनेच विणण्याची पद्धत जास्त आहे.

आडव्या मागावर (बोव्हे, आणि विणकामासाठी प्रसिद्ध असलेलं फ्रान्समधलं ओब्युसाँ गाव) कार्टून ताण्याच्या खाली सरकवतात, पायपट्ट्यांनी धागे उचलतात आणि मागच्या बाजूने विणतात. वेग जास्त मिळतो. पण चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, म्हणून कार्टूनच उलटं करून घ्यावं लागतं. हे विसरलं तर अक्षरं उलटी येतात आणि तलवारी डाव्या हातात जातात. जुन्या पटांवर डावखुऱ्या सैनिकांची फौज दिसली तर कारण बहुधा हेच.

७. चित्र आडवं झोपवून विणतात असं वाचलं. का?

दोन कारणं. पहिलं, मापाचं. चित्राची उंची मागाच्या रुंदीत बसवली की लांबी हवी तेवढी वाढवता येते. ४ मीटरच्या मागावर १० मीटर लांबीचा पट निघतो. दुसरं, रेषांचं. बाण्याच्या दिशेने जाणारी रेषा गुळगुळीत येते, ताण्याच्या दिशेने जाणारी पायऱ्या-पायऱ्यांची येते. उभी माणसं, झाडं, भाले, वस्त्रांच्या चुण्या चित्र झोपवलं की बाण्याच्या दिशेत येतात.

त्याची किंमतही मोजावी लागते. टांगल्यावर सगळं वजन ताण्याऐवजी बाण्यावर येतं. शिवाय दोन रंग ताण्याच्या दिशेने शेजारी आले की त्यांच्यात फट राहते. झोपवून विणलेल्या पटात या फटी भिंतीवर आडव्या येतात आणि वजनाने तोंड उघडतात. त्या शिवाव्याच लागतात, आणि शिवण आधी तुटते, पट नंतर.

८. कलावंताने कार्टून करताना काय लक्षात ठेवायचं? कंप्युटरवरची फाइल चालते का?

फाइल चालते, पण मोठ्या आकारात छापून भिंतीवर लावल्याशिवाय मंजूर करू नका. स्क्रीनवरचा उजेड लोकरीत नसतो.

आधी ताण्याची दाटी ठरवा. हल्लीच्या मोठ्या कामांत सेंटिमीटरला ४ धागे हा व्यवहार्य आकडा आहे. जुन्या बारीक कामांत ८ पर्यंत जातात. ४ च्या हिशेबाने दोन धाग्यांमधलं अंतर अडीच मिलिमीटर. स्पष्ट रेषेला किमान दोन धागे लागतात, म्हणजे ५ मिलिमीटर. त्याहून बारीक रेष काढली असेल तर विणकर ती जाड करेल किंवा गाळेल. १० सेंटिमीटर रुंद चेहऱ्याला ४० धागे मिळतात, त्यात एका डोळ्याला जेमतेम आठ. आठ धाग्यांत बुबुळ, पापणी आणि भाव बसवायचे! म्हणून महत्त्वाचे चेहरे मोठे काढा, किंवा फक्त तेवढ्या भागासाठी बारीक बाणा वापरायचं आधीच बोलून ठेवा. अक्षरं असतील तर देवनागरीच्या शिरोरेषेची दिशा तपासा. चित्र झोपवून विणणार असाल तर शिरोरेषा ताण्याच्या दिशेत जाते आणि तिच्या दोन्ही कडांना फटी पडतात.

मग रंगांची यादी. फ्रान्समधल्या आँजेच्या किल्ल्यातली चौदाव्या शतकातली अपोकॅलिप्स टॅपेस्ट्री पाहून प्रभावित झालेल्या जाँ लुर्सा या फ्रेंच कलावंताने विसाव्या शतकात मोजके रंग ठरवून कार्टूनवर रंगाऐवजी क्रमांक लिहायला सुरुवात केली. शिस्त चांगली आहे. ३०-४० रंगांत न बसणारं चित्र बहुतेक वेळा अजून पूर्ण विचार न केलेलं चित्र असतं.

शेवटी, मापात दोन-तीन टक्के वाढ धरा. मागावरून कापून काढला की ताण सुटून पट आक्रसतो.

९. तीन निळ्यांतून तीस निळे कसे येतात? आणि जुने पट निळसर का दिसतात?

एका कांडीवर एकच जाड धागा नसतो. पाच-सहा बारीक धागे एकत्र गुंडाळतात. चार निळे आणि दोन करडे, तीन-तीन, दोन-चार असं प्रमाण बदलत गेलं की डोळा मिश्रण करतो. त्यावर प्रश्न ४ मधले दाते, म्हणजे एका रंगाच्या टोकदार रेघा दुसऱ्यात घुसवणं.

शेजारचा रंगही फसवतो. रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल १८२४ मध्ये गोबेलँच्या रंगशाळेचा प्रमुख झाला, तेव्हा काळा रंग फिका पडतो अशा तक्रारी होत्या. तपासल्यावर काळ्यात काही दोष निघाला नाही. शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. रंगांच्या परस्परप्रभावावरचा त्याचा १८३९ चा ग्रंथ यातूनच निघाला. म्हणून लोकरीची लडी एकटी पाहून मंजूर करू नका. नमुन्यात शेजाऱ्यासकट पाहा.

जुन्या पटांतली निळी झाडं मूळची हिरवीच होती. हिरवा रंग वनस्पतीच्या पिवळ्यावर निळा चढवून केलेला असे. उजेडाने पिवळा उडाला, निळा राहिला.

१०. वेळ आणि सूत किती लागतं?

गोबेलँसारख्या बारीक कामात एका विणकराचा एका वर्षात साधारण एक चौरस मीटर धरतात. ४ बाय ३ मीटरचा पट म्हणजे १२ चौरस मीटर. झोपवून विणला तर मागाची रुंदी ३ मीटर, तिथे चार विणकर शेजारी बसतात, म्हणजे तीन वर्षं. जाड विणीत हे निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. पाचवा विणकर वाढवून उपयोग नाही, कारण बसायला जागा नाही.

वजनाचा अंदाज चौरस मीटरला दोन-तीन किलोचा ठेवा, दाट विणीत त्याच्याही वर. लोकर मात्र हिशेबापेक्षा पंचवीस टक्के जास्त, आणि एका रंगाची सगळी एकाच घाण्यात रंगवून घ्या. दुसऱ्या वेळची तीच छटा हातात तीच वाटते, भिंतीवर पट्टा होऊन दिसते.

११. विणताना सगळ्यात जास्त काय बिघडतं?

कडा आत ओढल्या जातात. बाणा सरळ ताणून घातला की प्रत्येक ओळीत केसभर रुंदी कमी होते आणि मीटरभरात पट कमरेत बारीक होतो. उपाय: बाणा कमानीसारखा सैल ठेवून मग फणीने दाबायचा, आणि दोन्ही कडांना मागाच्या चौकटीपासून मोजपट्टी धरून दर ५ सेंटिमीटरला माप घ्यायचं. एकदा कंबर आली की पुढे सैल विणून ती भरत नाही, उलट तिथे फुगा येतो. उसवणं हाच मार्ग.

दुसरं, विणकरांची दाबण्याची ताकद सारखी नसते. शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाची ओळ उंच चढत जाते. म्हणून जागा अधूनमधून बदलतात. विणलेला भाग तुळईवर गुंडाळला जात असल्यामुळे आधीचं डोळ्यांपुढे नसतं. नोंदवही नीट नसेल तर सहा महिन्यांपूर्वी आकाशाला कुठलं मिश्रण वापरलं हे कुणालाच आठवत नाही.

१२. अर्ध्यावर कलावंताला बदल हवा असेल तर?

न विणलेल्या भागात बदल करता येतो. विणलेल्या भागात उसवावं लागतं, आणि उसवायला विणण्याइतकाच धीर लागतो. करारात दोन टप्पे लिहून घ्या: नमुना मंजूर, कार्टून मंजूर. त्यानंतरच्या बदलाचा खर्च कुणाचा, हेही लिहा. मैत्रीत हा मुद्दा राहून जातो.

१३. हातमागावरची की यंत्रावरची, हे कसं ओळखायचं? आणि ‘मूळ’ कुणाला म्हणायचं?

पाठ पाहायला मिळाली तर लगेच कळतं. हातविणीत रंग फक्त आपल्या जागी असतो आणि धाग्यांची सुटी टोकं लोंबतात. जॅकार्ड (नक्षी आपोआप विणणाऱ्या) यंत्रावर सगळे रंगीत धागे पूर्ण रुंदीभर कापडातून जातात आणि ठरावीक जाळी दिसते. जॅकार्ड म्हणजे कमअस्सल असं नव्हे. ग्रेसन पेरी या ब्रिटिश कलावंताचे गाजलेले पट संगणकीय जॅकार्डवरचेच आहेत. फक्त भाव हातविणीचा लावू नये.

फ्रेंच कायद्यानुसार कलावंताच्या मूळ कार्टूनवरून हाताने विणलेल्या आठपर्यंत प्रती मूळ कलाकृती धरल्या जातात. ओब्युसाँच्या पटामागे शिवलेली कापडी पट्टी पाहा. त्यावर नाव, माप, विणशाळा, प्रतीचा क्रमांक आणि कलावंताची सही असते. पट्टीच नसेल तर प्रश्न विचारा.

१४. भिंतीवर टांगायची कशी? खिळे मारले तर?

खिळे आणि कड्या नकोत, कारण त्या बिंदूंवर वजन येऊन पट ओघळतो. वरच्या कडेच्या मागे ५ सेंटिमीटर रुंद सुती पट्टी हाताने शिवा, तिच्यावर व्हेल्क्रोची मऊ बाजू. खरखरीत बाजू लाकडी पट्टीवर, आणि ती पट्टी भिंतीला. वजन पूर्ण रुंदीत वाटलं जातं आणि आग लागली तर पट ओढून काढता येतो. मागे अस्तर लावायचं तर कापड आधी धुऊन आक्रसवून घ्या.

भिंत आणि पट यांत दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळू द्या. दगडी बाहेरची भिंत थंड असते, तिच्यावर पाणी धरतं आणि पाठीला बुरशी येते. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, अतिनील किरण गाळलेले. खिडकीतलं थेट ऊन हजारो लक्सचं असतं.

१५. आमच्या कोकणातल्या / पुण्यातल्या वाड्यात लोकरीचा पट टिकेल का?

पुण्यात काळजी घेतली तर टिकेल. कोकणात पावसाळ्याचे चार महिने भिंतीवर ठेवूच नका. आर्द्रता ५०-५५ टक्के हवी, जुलैत ती किनाऱ्यावर फार वर असते. रोलवर चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, घडी घालू नका, आम्लरहित कागद मध्ये घाला.

कसर हा दुसरा शत्रू. डांबराच्या गोळ्यांचा मोठ्या दिवाणखान्यात उपयोग होत नाही. कसर दिसली तर पट प्लास्टिकमध्ये हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये: उणे ३० अंशांना तीन दिवस, उणे १८ ला दोन आठवडे. बाहेर काढल्यावर प्लास्टिक लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला यायला पूर्ण दिवस द्या, नाहीतर दव धरतं.

१६. स्टर्लिंगचे पट तर न्यूयॉर्कच्या पटांची नक्कल आहेत. त्यात ‘आजची कला’ कुठे आली?

प्रश्न रास्त आहे. स्कॉटलंडचा सोळाव्या शतकातला राजा जेम्स पाचवा याच्या सामानाच्या यादीत युनिकॉर्नच्या (कपाळावर एक शिंग असलेल्या काल्पनिक घोड्याच्या) गोष्टीचा संच होता, पण ते पट उरले नाहीत. राजवाड्याचा तो काळ पुन्हा उभा करताना न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयातला, साधारण १५०० च्या आसपासचा युनिकॉर्न-शिकारीचा संच आधार म्हणून घेतला. इंग्लंडच्या ससेक्समधल्या वेस्ट डीन विणशाळेच्या विणकरांनी सात पट एक तपाहून अधिक काळ विणले, काही किल्ल्याच्या आवारात पाहुण्यांसमोर, काही ससेक्समध्ये. खर्च सुमारे २० लाख पौंड.

तरी नक्कल शब्द पुरत नाही. ताण्याची दाटी मूळच्या साधारण निम्मी ठेवली, म्हणजे प्रत्येक पान आणि चेहरा नव्याने सोडवावा लागला (प्रश्न ८ मधला हिशेब). उजेडाने लवकर झिजणाऱ्या रेशमाऐवजी मर्सराइज्ड (प्रक्रियेने चमक आणलेला) सुती धागा घेतला. रंगही आज उडालेले नव्हे, तर नवे असताना जसे असतील तसे ताजे ठेवले, म्हणून न्यूयॉर्क पाहून आलेल्यांना स्टर्लिंग भडक वाटतं. आणि एका पटाचे मूळचे फक्त दोन तुकडे शिल्लक आहेत. त्याचा उरलेला सगळा भाग त्या काळच्या इतर पटांचा अभ्यास करून आज रचलेला आहे. किल्ल्यात गेलात तर आधी तो शोधा आणि जुना भाग कुठे संपतो, नवा कुठे सुरू होतो ते ओळखायचा प्रयत्न करा.